न मारलेलं प्यादं

मामंजी,

शाळेने यंदा बुद्धिबळाचा वर्ग माझ्या गळ्यात घातला आहे. संस्कृतच्या तासाला मुलं कमी, आणि ज्याच्या तासाला मुलं कमी त्याच्याकडे वेळ जास्त, असा आमच्या मुख्याध्यापकांचा हिशेब. दर गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर दोन डझन मुलंमुली आणि नऊ पट घेऊन मी बसते. भिंतीवर लावायला एक मोठा कागद करून मागितला आहे: 'राजावर हल्ला व राजाचे रक्षण, प्राथमिक नियम'. मथळा मुख्याध्यापकांचा. मला विचारलं असतं तर मी नुसतं 'शह' लिहिलं असतं. आज दुपारी तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरला, चार ओळी लिहिल्या आणि पाचवीला अडले. तुमचा आवाज कानात आला वगैरे काही नाही. तुम्ही होतात तेव्हाही खेळताना बोलत नसायचात. पण हात थांबला खरा. चोवीस वर्षांपूर्वी महाडच्या स्पर्धेत मी जो डाव हरले त्याचं खापर तुमच्या शिकवण्यावर फुटलं, आणि तुम्ही गेलात तेव्हाही ते तुमच्याच डोक्यावर होतं. ते तिथून उतरवायचं आहे. आधी ते, मग कागद.

लग्न होऊन पोलादपूरला आले तेव्हा तुमचे चिरंजीव मुंबईला नोकरीत, महिन्यातून दोन रविवार उगवणारे. उरलेले दिवस घरात आम्ही तिघं: तुम्ही, आई आणि मी. तुम्ही महाडच्या डेपोत वाहतूक नियंत्रक. गाड्या सोडायच्या, अडलेल्या गाडीच्या जागी दुसरी द्यायची आणि प्रवाशांच्या शिव्या शांतपणे ऐकून घ्यायच्या, ही तुमची कामं. त्यातलं तिसरं तुम्हाला सगळ्यात चांगलं जमतं असं तुम्ही स्वतःच सांगायचात. संध्याकाळी सहाच्या गाडीने घरी येऊन चहा झाला की पट निघे. पट म्हणजे मोडीत निघालेली एसटीची पत्र्याची पाटी. एका अंगाला 'महाड – कुडपण' आणि दुसऱ्या अंगाला तुम्ही पांढऱ्या रंगाने आखलेली चौसष्ट घरं, सगळी एकाच रंगाची. एक घर काळं आणि एक पांढरं करणं ही ज्यांना उंटाची तिरपी चाल दिसत नाही त्यांची सोय, असं तुमचं मत होतं. मला ती दिसत नव्हती, पण नव्या सुनेने मत द्यायचं नसतं. डाव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मांडायचात, कारण मला भाताकडे लक्ष ठेवायचं असे. म्हणजे माझा राजा नेहमी स्वयंपाकघरात आणि तुमचा माजघरात.

पहिला शह मी तुम्हाला दिला तो दिवस स्पष्ट आठवतो. माझ्या उंटाची वाट तुमच्या राजापर्यंत मोकळी झालेली मला दिसते आहे. उंट सरकवला आहे, आणि पुढे काय म्हणायचं ते कळत नाही. सासऱ्याला शह कसा द्यावा हे मला माहेरी कुणी शिकवलेलं नाही, विद्यापीठातही नाही. शेवटी मी म्हणते, "मामंजी, तुमच्या राजाकडे जरा बघता का?" आई भाकरी तव्यावर टाकता टाकता विचारतात, "काय झालं राजाला? ताप आला?" तुम्ही पटावरून मान वर न करता म्हणालात, "सूनबाई, शह म्हण. मोठ्याने म्हण. द्यायचा तो सांगून द्यायचा." मी म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला लावलंत, कारण पहिल्यांदा तो भाताच्या आधणाइतकाच ऐकू आला होता. सासऱ्याकडून रीतसर परवानगी घेऊन सासऱ्याला शह देणारी मी तालुक्यातली पहिलीच सून असेन.

मग शहातून सुटायचं कसं, ते. याचे तीन उपाय आज कागदावर मी नीट क्रमाने लिहिले आहेत, पण तुम्ही ते शिकवलेत ते वरंध घाटातल्या दरडीवरून. राजाला शह बसला म्हणजे वाटेत दरड कोसळली. पहिला उपाय, गाडी दुसऱ्या वाटेने काढायची: राजाने शेजारच्या घरात सरकायचं, पण ते घरही कुणाच्या माऱ्यात नसावं. दुसरा, मध्ये काहीतरी आणून उभं करायचं: आपलं मोहरं आडवं घालून वाट बंद करायची. तिसरा, दरडच उचलून फेकायची: शह देणाऱ्याला मारायचं, राजाने किंवा दुसऱ्या कुणी. मात्र शह देणाऱ्याच्या मागे त्याच्या माणसाचा जोर असेल तर राजाने त्याला हात लावायचा नाही, कारण मारल्या जागी तोच मरेल. तिन्ही उपाय संपले की मात. एवढं सांगून तुम्ही मला घोड्याचा शह दिलात आणि वाट बघत बसलात. मी अत्यंत विचारपूर्वक मध्ये एक प्यादं आणून ठेवलं. तुमचे खांदे हलायला लागले. बराच वेळ हलत राहिले. घोडा उडून येतो, त्याच्या आड काहीच घालता येत नाही, हे मला दोन दिवसांनी आपलं आपल्यालाच कळलं. तुम्ही सांगितलं नव्हतंत. चूक ज्याची त्याने शोधावी, ही तुमची पद्धत. मला तेव्हा ती दुष्टपणाची वाटे. आता मी स्वतः तीच वापरते आणि मुलांच्या पालकांना ती दुष्टपणाची वाटते.

मीही काही गप्प बसणारी विद्यार्थिनी नव्हते. एका संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं की हा खेळ मुळात आपला, नाव चतुरंग, सैन्याची चार अंगं म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. मग पटावर बोट फिरवून विचारलंत, रथ कुठे गेला, आणि हा उंट कुठून आला. मी म्हटलं, रथाच्या जागी हत्ती आला आणि हत्तीच्या जागी उंट, त्याचा इतिहास मोठा आहे. "म्हणजे बदल्या झाल्या," तुम्ही म्हणालात, "डेपोत होतंच असं." माझ्या एम.ए.च्या दोन वर्षांचं इतकं थोडक्यात सार दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

तुमचे नियम जुने होते, देशी. तुमच्या वडिलांनी तुम्हाला दिलेले, आणि तुम्ही डेपोतल्या निम्म्या ड्रायव्हर-कंडक्टरांना. राजाला पहिला शह बसण्याआधी डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा. प्याद्याने पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, उगाच दोन घरांची घाई नाही. पण तुम्हाला जिवापाड आवडायच्या त्या दोन गोष्टी. एक बुर्जी. समोरच्याची सगळी मोहरी मेली आणि राजा एकटा उरला, तर तो डाव तुम्ही जिंकला नाहीत. बुर्जी झाली, बरोबरी. एकट्या माणसाला दहा जणांनी घेरण्यात जिंकण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणायचात. त्यामुळे जिंकायचं तर शत्रूचं निदान एक प्यादं जिवंत ठेवूनच त्याच्या राजावर मात करायची. पोराला कडेवर घेऊन त्याच्या बापाला पकडायचं, असा तो उद्योग. आणि दुसरी प्यादेमात. वजीर, हत्ती हाताशी असताना शेवटचा शह सगळ्यात धाकट्याने, प्याद्याने द्यायचा आणि राजाला त्यातून सुटका नसावी. याहून मोठं जिंकणं नाही. तुम्ही मला अशी मात तीनदा केलीत. तिन्ही वेळा तुम्ही एक भाकरी जास्त खाल्लीत, आणि तिन्ही वेळा आई म्हणाल्या की एवढं राज्य घेतलंत तर निदान ताट तरी उचला.

महाडला आसपासच्या तालुक्यांतल्या शिक्षकांची स्पर्धा होती ते तुमच्या निवृत्तीचं पहिलं वर्ष; मी तोवर शाळेत लागले होते. निवृत्त झाल्यावरही तुम्ही रोज डेपोत जायचातच. गाड्या तुमच्याशिवाय सुटतात यावर तुमचा अजून विश्वास बसला नव्हता. मी शेवटच्या फेरीत पोचले हे तुम्ही तिथे सगळ्यांना सांगितलंत. त्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात, तुमच्यामागून वरंधचा तो उंच ड्रायव्हर आला, ज्याला तुम्हीच खेळायला शिकवलं होतं, आणि त्याच्यामागून त्याचा कंडक्टर. तुम्ही पोचलात तेव्हा डाव सुरू होऊन तास झाला होता. हॉलच्या दाराशी तिघं हात मागे बांधून उभे राहिलात, जणू गाडी लागायची आहे.

समोर गणिताचे एक मास्तर होते, सज्जन आणि घामेजलेले. तुम्ही आलात तेव्हा माझ्याकडे राजा, एक हत्ती आणि दोन प्यादी होती. त्यांच्याकडे राजा आणि एकुलतं एक प्यादं, पटाच्या डाव्या कडेला. माझा हत्ती त्या प्याद्याच्या आडव्या ओळीत उभा होता. मारायला एक चाल. ते मारलं असतं तर पुढे राजा आणि हत्ती मिळून मात करणं हे पहिल्या वर्षाचं काम आहे. आमच्या वर्गातल्या मुली आता ते गप्पा मारत करतात. मी ते प्यादं मारलं नाही. राजा पुढे काढला, त्यांच्या राजाला कडेला रेटलं, माझं एक प्यादं पुढे सरकवलं. तोवर त्यांचं प्यादं एकेक घर चालत होतं. ते पोचायला अजून एक चाल आहे असं मी धरून चालले होते, आणि ती नव्हती. ते शेवटच्या घरात गेलं, तिथे त्याचा वजीर झाला, आणि त्या वजिराने बसल्या जागेवरून माझ्या उघड्यावर आलेल्या राजाला शह दिला. राजा हलवला. पुढच्या शहात हत्ती गेला. मग सात-आठ चालींत सगळं संपलं. मास्तरांनी माझी माफी मागितली. मी म्हटलं ना, सज्जन होते.

महाडच्या स्टँडवर आपण चौघं पोलादपूरच्या गाडीची वाट बघत उभे. तुम्ही, अगदी हळू, केवळ समजून घ्यायचं म्हणून, विचारता, "हत्तीनं ते प्यादं का नाही मारलंस?"

"बुर्जी झाली असती," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलंत."

"स्पर्धेत बुर्जी नसते?"

"नसते. तुमचे नियम कुठेच चालत नाहीत आता."

तुम्ही फलाटाकडे पाहिलंत. "मग चूक माझी," म्हणालात. वरंधच्या ड्रायव्हरला ते सहन झालं नाही. तो म्हणाला, "वहिनी, यात सायबांची काय चूक नाय. नेम जुना हाय, एवडंच." सत्यावर मला वीसेक सुभाषितं पाठ आहेत, त्यांतलं एकही त्या वेळी कामाला आलं नाही. गाडी आली. तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी जवळून पाहिलं, आणि त्याबद्दलच लिहायला सगळ्यात जड जातं आहे. तुम्ही महाडच्या बाजारातून नियमांचं पुस्तक आणलंत आणि वयाच्या साठीत चाळीस वर्षांचा बसलेला हात मोडून नव्याने शिकायला बसलात. राजाची उडी सोडलीत. किल्लेकोट शिकलात: राजाने दोन घरं सरकायचं आणि हत्तीने त्याच्या पलीकडे येऊन उभं राहायचं, दोघांपैकी कुणी आधी हललेलं नसावं, मध्ये कुणी नसावं, राजाला शह नसावा, आणि ज्या घरावरून तो जाणार तेही माऱ्यात नसावं. "भित्रं आहे," तुम्ही म्हणालात, "पण पक्कं आहे." मग डेपोत जाऊन, ज्यांना ज्यांना तुम्ही शिकवलं होतं त्यांना चहाच्या टपरीवर गाठून, एकेकाला सांगितलंत की मी शिकवलेलं चुकीचं होतं, ते विसरा. वरंधचा ड्रायव्हर ऐकेना. तो म्हणाला, "सायेब, इतकी वर्सं राजा उडी मारतोय, त्याला आता कसं आडवू? तो काय माजं आयकनार नाय." तुम्ही त्याला पुस्तक उघडून दाखवलंत. नवीन कुणी शिकायला आलं तर त्याला तुम्ही म्हणायचात, सूनबाईंना विचारा, माझं जुनं आहे. आणि माझ्याशी खेळताना, जो माणूस मला घोड्याच्या शहापुढे दोन दिवस तिष्ठत ठेवू शकत होता, तो चाल करण्याआधी मान वर करून विचारायचा, "पुस्तकात असंच आहे ना गो?" नऊ वर्षं विचारलंत. मी नऊ वर्षं "हो" म्हटलं.

आता खरं सांगते. त्या दिवशी सकाळी खेळ सुरू होण्याआधी पंचांनी नियम वाचून दाखवले होते. सगळे. त्यांना आमच्या बाजूचं खेळणं माहीत असावं, कारण मुद्दाम थांबून ते म्हणाले होते की इथे बुर्जी नाही, राजाला उडी नाही, आणि शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं वजीर होऊ शकतं. मी पुढच्या रांगेत होते. मला नीट ऐकू आलं, आणि मी ते मनात तीनदा घोकलंही. पाठांतर हे एकच शस्त्र आम्हा संस्कृतवाल्यांकडे असतं. आधीच्या फेरीत तर मी समोरच्या बाईंचं शेवटचं मोहरं मारून, एकट्या राजावर मात करून जिंकले होते. तेव्हा तुम्ही नव्हतात. शेवटच्या फेरीत तुम्ही दाराशी येऊन उभे राहिलात, इस्त्रीचा सदरा घालून, आणि मला वाटलं की आता नुसती मात नको, प्यादेमात करू. तीही बुर्जी टाळून, घरच्या रीतीने, तुमच्या लोकांसमोर. एवढंच कारण होतं. तुमचा नियम मला आडवा आला नाही. तुम्ही नियम चुकीचा शिकवला म्हणून मी हरले नाही. मला मिरवायचं होतं, आणि मिरवण्याच्या नादात मी एक घर चुकीचं मोजलं.

हे स्टँडवर सांगितलं असतं तर तुमचे खांदे हलले असते, बहुतेक पोलादपूर येईपर्यंत. तुम्ही कदाचित आनंदाने एक भाकरी जास्त खाल्ली असतीत. पण हरल्याची लाज इतकी ताजी होती की ती ठेवायला कुणाची तरी पाठ हवी होती, आणि तुमची जवळ होती. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुस्तक घेऊन आलात. पुस्तक आणलेल्या माणसाला, हे पुस्तक उगाच आणलंत, असं कसं सांगायचं, म्हणून तिसऱ्या दिवसावर ढकललं. अशी पुढे नऊ वर्षं, आणि तुम्ही गेल्यापासून पंधरा.

आज दुपारी कागद अर्धा टाकून मी आईंना हे सगळं सांगितलं. त्या आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, हवं ते येतं. मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी ते पुस्तक फुकट पाठ केलं?" मी म्हटलं, हो. थोडा वेळ काड्या वेगळ्या, पानं वेगळी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं गो, निवृत्त झाल्यावर काहीतरी करायला मिळालं म्हणून पाठ करत असतील." मग, माझ्याकडे न बघता, "मला सांगून काय उपयोग?" म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे हा प्रश्न आहेच. तुमच्या गावाला आमच्या तालुक्यातून गाडी नाही. तेव्हा हे या घरातच राहील, नियमांच्या कागदाच्या गुंडाळीत वगैरे नाही, असंच कुठेतरी कपाटात, जिथे सापडलं तर सापडेल.

कागदाची पाचवी ओळ आता लिहिली: राजाला शह नाही, पण त्याला किंवा त्याच्या कुणालाही हलायला जागा नाही, तर तो हरत नाही, डाव बरोबरीत सुटतो. पुस्तकात असंच आहे.

एक राहिलं. गेल्या गुरुवारी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, बाई, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी फळ्यावर पट आखत होते, तिच्याकडे पाठ होती. मी म्हटलं, पुस्तक वाचून शिकले. तिने ते वहीत लिहून घेतलं. उद्या पुन्हा तास आहे. किल्लेकोट शिकवायचा आहे. त्याआधी तिला ती ओळ खोडायला सांगेन.